चढावर पिंगिंग आणि स्कॅनरवर ‘लीन’: दोन्हींचं मूळ एकच आहे का, हे आधी तपासा

प्रश्न थोडक्यात असा. गाडी पंचवीसएक वर्षं जुनी, पेट्रोलची, चार सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन. चढावर किंवा वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा आवाज येतो आणि पाय उचलला की थांबतो. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनर पी०१७१ दाखवतो, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग नवे टाकून झाले, तरी काही फरक नाही. आता मेकॅनिक इंजेक्टर बदलू म्हणतोय. बदलावेत का?

आत्ता नको. तुमच्या गाडीच्या दोन तक्रारी आहेत, तो छर्र्यांचा आवाज म्हणजे पिंगिंग आणि लीनचा कोड, आणि त्या एकाच दोषातून आल्यात असं सगळ्यांनी धरून टाकलंय. तसं असेलही. पण जुन्या गाड्यांत लीनचा कोड एका कारणाने येतो आणि पिंगिंग भलत्याच कारणाने होतं, हा प्रकार सर्रास दिसतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता भाग खराब आहे’ हा नाही. मिश्रण लीन नेमकं केव्हा होतं आणि पिंगिंग नेमकं केव्हा होतं, हे आधी कळलं पाहिजे. दोन्ही वेळा जुळल्या तर कारण एक असण्याची शक्यता मोठी. जुळल्या नाहीत तर दोन वेगळी कामं आहेत.

पिंगिंग म्हणजे काय, हे थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून पसरत जाते. ती पोहोचायच्या आधीच सिलिंडरच्या शेवटच्या कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाची लाट भिंतींवर आदळते आणि धातू वाजतो. आपल्याला ऐकू येतो तो हा आवाज, बहुतेक गाड्यांच्या इंजिनांत साधारण सहा-सात किलोहर्ट्झचा. त्या कोपऱ्यातल्या मिश्रणावर चार गोष्टींचा परिणाम होतो: दाब किती, तापमान किती, ज्योत पोहोचायला वेळ किती लागतो आणि पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे आपोआप न पेटता टिकायची ताकद, किती. लीन मिश्रण यातल्या तापमानाच्या बाजूने खोडी काढतं. पूर्ण लोडवर इंजिनाला एका भाग पेट्रोलमागे साडेबारा-तेरा भाग हवा लागते. तेव्हाचं जास्तीचं पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता शोषून घेतं. ते न मिळता मिश्रण १४.७ वर, म्हणजे पेट्रोल आणि हवा एकमेकांना नेमकी पुरतात त्या प्रमाणावर, किंवा त्याहून लीन राहिलं, की हा थंडावा जातो आणि कोपरा पेटायला तयार होतो.

म्हणजे पिंगिंगसाठी महत्त्वाचं आहे ते लोडवरचं मिश्रण. आयडलिंगला गाडी कितीही लीन असली तरी तिथे सिलिंडरमधला दाब इतका कमी असतो की नॉकिंग, म्हणजे हेच पिंगिंग, सहसा होतच नाही. इथेच बहुतेकांची दिशा चुकते.

व्हॅक्यूम लीकचं, म्हणजे थ्रॉटलनंतरच्या फटीतून चोरून आत येणाऱ्या हवेचं, उदाहरण घ्या. लीनचा कोड दिसला की सगळे आधी तिकडेच धावतात, आणि कोडपुरतं ते योग्यही आहे. पण हिशेब करून बघा. समजा इंजिन आयडलिंगला सेकंदाला ३ ग्रॅम हवा घेतंय आणि फाटक्या होजमधून ०.४ ग्रॅम चोरून आत येतेय. म्हणजे तेरा टक्क्यांच्या आसपास चूक, कोड येणारच. आता चढावर तेच इंजिन सेकंदाला ४० ग्रॅम हवा घेतंय. होजमधून तेवढीच हवा आली असं धरलं तरी चूक जेमतेम एक टक्का. प्रत्यक्षात तेवढीही येत नाही, कारण ती आत खेचणारा व्हॅक्यूमच उरलेला नसतो. समुद्रसपाटीजवळ ठणठणीत इंजिनाचा मॅनिफोल्ड व्हॅक्यूम आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २२ इंच असतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की जवळपास शून्यावर येतो. फाटका होज बदलून तुमचा चेक इंजिनचा दिवा विझेल, आयडलिंग सुधारेल, आणि चढावर गाडी तशीच वाजत राहील.

आता तपासणीकडे.

सगळ्यात आधी हा आवाज पिंगिंगचाच आहे याची खात्री करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं फुटलेलं पॅकिंगही लोडवर टकटक करतं, सैल हीट शील्ड ठरावीक आरपीएमला खुळखुळतं, आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर जड ठोका ऐकू येतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तीन-चार अंश मागे घेऊन त्याच चढावर, त्याच गियरमध्ये जा. आवाज गेला किंवा बराच कमी झाला तर पिंगिंग. टायमिंग हाताने बदलता येत नसेल तर टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि तीच चाचणी करा. फक्त जास्त ऑक्टेनने आवाज गेला म्हणजे दोष गेला, असं समजू नका. त्यातून आवाजाची जात कळते, कारण कळत नाही.

दुसरी गोष्ट, कोड खरा आहे का? ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल कळत नाही, त्याला फक्त एक्झॉस्टमधला ऑक्सिजन कळतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक भेग असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर ‘लीन’ म्हणतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत बसतो. इंजिन प्रत्यक्षात रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चाललेलं असतं. मिसफायरचंही तेच. न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडांशी कान द्या. भेग असेल तर फटफट ऐकू येते, कधी काळी काजळीही दिसते. इंजिन तापलं की धातू फुगतो आणि हीच भेग मिटते, म्हणून हे थंड असतानाच बघायचं.

यानंतर स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. कोड वाचून थांबणं आणि ट्रिम न बघणं म्हणजे अर्धं काम. इंजिन पूर्ण गरम करा आणि शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) व लाँग टर्म (शिकून ठेवलेला) ट्रिमची बेरीज तीन वेळा टिपून घ्या: आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि चढावर लोड असताना. बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर जुन्या इंजिनाला ती चालते. अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, म्हणजे त्याच्या मते मिश्रण लीन आहे. स्कॅनर बघायला शेजारी दुसरं माणूस बसवा, गाडी चालवताना स्वतः वाचू नका.

थ्रॉटल जवळजवळ पूर्ण दाबला की बहुतेक ईसीयू सेन्सरचं ऐकणं बंद करतात आणि ठरलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल देतात. त्या क्षणी शॉर्ट टर्म ट्रिमला अर्थ नसतो. तेव्हा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा. जुन्या गाड्यांतला साधा सेन्सर एरवी ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत राहतो, पण पूर्ण लोडवर तो ०.८ च्या वर जाऊन तिथेच टिकला पाहिजे. तो ०.४५ च्या खाली घसरत असेल आणि त्याच वेळी पिंगिंग होत असेल, तर तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी भेटल्या.

ट्रिम आयडलिंगला मोठा, समजा अधिक वीस, आणि २५०० ला उतरून पाच-सहावर येतो: चोरटी हवा. रबरी होज, पीसीव्ही व्हॉल्व्हची (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी, ब्रेक बूस्टरचा होज आणि त्याचा पडदा, इंजेक्टरखालच्या ओ-रिंग, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग. पंचवीस वर्षांत रबर कडक होतंच, त्यामुळे होज नुसते बघू नका, वाकवून बघा. धुराचं मशीन मिळालं तर उत्तम, गळती डोळ्यांना दिसते. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून शोधायची जुनी पद्धतही चालते, पण तो पेटतो. गरम एक्झॉस्ट आणि हाय टेन्शन वायरींपासून लांब, थोडा थोडा मारायचा आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवायचं. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या गाडीत आरपीएम वाढण्याची वाट बघू नका. ईसीयू ते सावरून घेतो. फवारा गळतीवर पडला की शॉर्ट टर्म ट्रिम झटकन खाली येतो, नजर तिथे ठेवा.

याच गटातला एक लबाड प्रकार आहे. एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा घड्यांचा रबरी पाइप घडीच्या आत चिरतो. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते. गाडी गियरमध्ये लोडवर आली की इंजिन माउंटिंगवर कलतं आणि चीर उघडते. मास एअर फ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, पुढे असल्यामुळे ही हवा मोजलीच जात नाही, आणि मागून खेचणारा व्हॅक्यूम नसला तरी वाहत्या हवेबरोबर ती आत जाते. ही गळती लोडवरही त्रास देते. हा पाइप काढून, ताणून, उजेडात धरून बघा.

ट्रिम आयडलिंगला ठीक आणि लोडबरोबर वाढत जातो: आता मामला पेट्रोल कमी पडण्याचा किंवा हवा कमी मोजली जाण्याचा. माझा कल आधी मास एअर फ्लो सेन्सरकडे असतो, कारण तो तपासायला सोपा आणि त्याचं नुकसान दुहेरी. त्याच्या तारेवर धूळ किंवा तेलकट थर बसला की जास्त प्रवाहाला तो हवा कमी सांगतो. ईसीयू तेवढंच पेट्रोल देतो, म्हणून मिश्रण लीन. शिवाय हवा कमी म्हणजे लोड कमी असा समज करून घेऊन तो ठिणगीही जास्त आधी पाडतो, म्हणजे ॲडव्हान्स वाढवतो. लीन मिश्रण आणि जास्त ॲडव्हान्स, दोन्ही एकदमच. पिंगिंगला आणखी काय हवं? सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवा, तारेला बोट किंवा ब्रश लावू नका आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. एअर फिल्टर तेल लावायचा असेल तर जास्तीचं तेल याच तारेवर येतं, हेही लक्षात घ्या. तुमच्या गाडीत मास एअर फ्लोऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर हा परिच्छेद सोडून द्या आणि त्या सेन्सरची व्हॅक्यूमची नळी तपासा.

मग फ्युएल प्रेशर. जुन्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत ते साधारण अडीच ते साडेतीन बार असतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असेल तर आयडलिंगला ती काढल्यावर प्रेशर अर्धा बार किंवा थोडं जास्त वाढलं पाहिजे. त्या नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. पण आयडलिंगला प्रेशर बरोबर आलं म्हणून पंपाला निर्दोष ठरवू नका. तिथे पेट्रोल लागतंच किती? खरी परीक्षा लोडवर आहे. चढावर प्रेशर घसरत असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी, दबलेली नळी, पंपाला जाणारं व्होल्टेज आणि शेवटी पंप, या क्रमाने जा. पंपाच्या अर्थिंगचा गंजलेला जोड साफ केल्यावर ‘मेलेला’ पंप जिवंत झालेला मी पाहिलाय. गाडी सुरुवातीला बरी चालते आणि बऱ्याच अंतरानंतर लीन होत जाते असं असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. हवा जोरात आत खेचली गेली तर टाकीचा श्वास कोंडलाय.

प्रेशर लोडवरही टिकतंय, हवा बरोबर मोजली जातेय, तरी ट्रिम वाढतोय, तर आणि तरच इंजेक्टर. तेव्हाही आधी काढून प्रवाह मोजा आणि अल्ट्रासॉनिकने साफ करा. चारही इंजेक्टर एकदम सारखेच चोंदणं दुर्मीळ. एकच चोंदला असेल तर ट्रिम सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडा फारसा वाईट दिसत नाही आणि पिंगिंग मात्र त्या एका सिलिंडरमध्ये होत राहतं.

आता तिसरी शक्यता, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच जास्त वाटते: लोडवर ट्रिम आणि व्होल्टेज दोन्ही ठीक, पिंगिंग चालूच. म्हणजे लीनचा कोड आयडलिंगपुरता आहे, तो वेगळा दुरुस्त करा, आणि पिंगिंगचं कारण मिश्रणाबाहेर शोधा.

पहिला संशय ईजीआरवर (एक्झॉस्टचा वायू परत फिरवणाऱ्या यंत्रणेवर), विशेषतः अर्ध्या पॅडलला, एकसारख्या वेगात किंवा हलक्या चढावर आवाज येत असेल आणि पॅडल पूर्ण दाबल्यावर उलट कमी होत असेल तर. ईजीआर जळलेला वायू थोड्या प्रमाणात परत आत सोडतो. तो वायू जळत नाही पण उष्णता घेतो, त्यामुळे सिलिंडरमधलं कमाल तापमान उतरतं. गाडीच्या कारखान्याने टायमिंग हा वायू येणार असं गृहीत धरून ठरवलेलं असतं. वाट कार्बनने बुजली की ॲडव्हान्स तेवढाच राहतो आणि थंडावा जातो. व्हॅक्यूमवर चालणारा व्हॉल्व्ह असेल तर आयडलिंगला हातपंपाने त्याला व्हॅक्यूम द्या. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह हलतोय का ते बघा, आणि हलत असेल तर मॅनिफोल्डमधली वाट साफ करा. नवा व्हॉल्व्ह टाकून बुजलेली वाट तशीच ठेवणारे पुष्कळ आहेत.

दुसरं, तुम्ही नवे टाकलेले प्लग. त्यांचा नंबर मॅन्युअलशी ताडून बघा. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग (टोकाची उष्णता लवकर सोडणारा), बॉशच्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. ब्रँड बदलताना इथे घोटाळा होतो आणि गरजेपेक्षा गरम प्लग बसतो. जुने प्लग फेकले नसतील तर त्यांचं पांढरं इन्सुलेटर भिंगाखाली पाहा. त्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे किंवा चमकदार ठिपके असतील तर नॉकिंगने कार्बन आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम उडतंय. नुसता पांढरा रंग बघून लीन ठरवू नका. शिसं नसलेलं पेट्रोल प्लगवर फार रंग सोडत नाही, आणि आयडलिंग करत गॅरेजमध्ये आणलेल्या गाडीचा प्लग चढावरची गोष्ट सांगत नाही.

मग उष्णता आणि कार्बन. अर्धवट चोंदलेला रेडिएटर, अडकणारा थर्मोस्टॅट, उशिरा लागणारा फॅन. तापमानाचा काटा मधोमध आहे यावर विसंबू नका, कित्येक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध राहील असा बनवलेला असतो. स्कॅनरवर खरं तापमान वाचा. पिस्टनवर साठलेला कार्बन जागा खातो, कॉम्प्रेशन वाढवतो आणि उष्णता धरून ठेवतो. जुन्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त आलं तर खूश होऊ नका, ते कार्बनचं लक्षण आहे. प्लगच्या भोकातून बोरस्कोप घालून खात्री करता येते. पीसीव्हीतून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल आत येत असेल तर तेही घात करतं, कारण तेलाची वाफ मिसळली की मिश्रणाचं ऑक्टेन उतरतं. उतारावर पाय सोडून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर दिसतो का बघा.

नॉक सेन्सर असेल तर त्याचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच आवळलेला हवा, बऱ्याच गाड्यांत तो २० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. कमी-जास्त आवळला की तो बहिरा होतो.

तुमची गाडी इंजेक्शनची आहे, पण हाच त्रास कार्ब्युरेटरच्या गाडीत असलेल्यांसाठी थोडं. तिथे ट्रिम नाही, त्यामुळे व्हॅक्यूम गेज आणि टायमिंग लाइट हीच दोन हत्यारं. आधी टायमिंग. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आरपीएमला बेस टायमिंग बघा. मग आरपीएम वाढवून खूण सरळ, न अडकता पुढे सरकते का आणि परत येते का ते बघा. डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंग थकल्या असतील तर ॲडव्हान्स वेळेआधीच पूर्ण होतो आणि कमी आरपीएमला, जास्त लोडला गाडी वाजते. खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. क्रँकच्या पुलीत बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असेल तर जुनं रबर घसरतं, रिंग फिरते आणि खूण खोटं बोलायला लागते. पहिला पिस्टन खरोखर वर आणून, पिस्टन स्टॉप लावून टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, ताडून घ्या. टायमिंग बरोबर असेल तर पूर्ण थ्रॉटलला जादा पेट्रोल देणारा पॉवर व्हॉल्व्ह आणि फ्लोटची पातळी बघा. आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर जेट तेच राहून मिश्रण आपोआप लीन होतं. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी १४.१ च्या आसपास प्रमाण लागतं, म्हणजे जवळपास चार टक्क्यांचा फरक. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, त्यामुळे एकट्या त्यानेच पिंगिंग होईल असं नाही, पण आधीच काठावर असलेल्या कार्ब्युरेटरला तेवढं पुरतं.

कारण सापडेपर्यंत गाडी चालवायची असेल तर आवाज आला की खालचा गियर टाका, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका. गियर बदलताना क्षणभर येणारा किरकोळ आवाज इंजिन सोसतं. चढभर सलग वाजणारं इंजिन पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तोडतं आणि हेड पॅकिंग जाळतं, त्यामुळे जास्त वजन घेऊन लांबच्या चढावर आत्ता जाऊ नका. आणि दुरुस्ती झाली की ईसीयूने शिकून ठेवलेला लाँग टर्म ट्रिम स्कॅनरने पुसून टाका, दोन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि मग त्याच तीन ठिकाणी आकडे पुन्हा टिपा. जुना शिकलेला ट्रिम तसाच असताना घेतलेली चाचणी धरू नका, तेव्हा ईसीयू गेलेल्या दोषासाठीच पेट्रोल देत असतो.